दोन कुस्त्यांमधला अर्धा तास

पुण्याच्या चांदणी चौकातून पौडच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात भूगाव येते. मुळशी तालुक्यातले हे गाव. आता गावाभोवती मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि सकाळ-संध्याकाळ रस्ता वाहनांनी भरून वाहतो. डिसेंबर २०१७ मध्ये मात्र रस्त्यावरची गर्दी वेगळ्याच कारणासाठी होती. त्या वर्षीची महाराष्ट्र केसरी स्पर्धा भूगावला भरली होती. माती आणि गादी अशा दोन्ही विभागांत कुस्त्या झाल्या आणि शेवटी अभिजित कटके यांनी किरण भगत यांच्यावर मात करून मानाची गदा मिळवली.

कुस्ती पाहायला गेलेल्या माणसाचे डोळे आखाड्यावर खिळलेले असतात. पण कधी जमले तर आखाड्याच्या कडेलाही पाहावे. एक कुस्ती संपवून दुसरीची वाट पाहणारा पहिलवान तिथे बसलेला किंवा आडवा झालेला असतो. अंगावर टॉवेल असतो. कोणी त्याच्या पोटऱ्या चोळत असते, कोणी पाण्याची बाटली पुढे करत असते. वस्ताद शेजारी उभे असतात आणि भेटायला येणाऱ्यांना दूर ठेवत असतात. पाहणाऱ्याला वाटते, पहिलवान नुसता बसला आहे. प्रत्यक्षात त्या वेळी त्याच्या शरीरात मोठी लगबग चाललेली असते. पुढच्या कुस्तीत तो किती टिकणार हे बऱ्याच अंशी त्या बसण्यावर ठरते.

या लेखाचा विषय आहे स्वतःची निगा. हा शब्द ऐकला की अनेक शिक्षकांच्या मनात येते, ‘चैनीच्या गोष्टी आहेत या, आपल्याला वेळ कुठे आहे?’ म्हणूनच विषयाची सुरुवात आखाड्यापासून केली. पहिलवानाला कोणी चैनी म्हणणार नाही. तरीही आपल्या शरीराची जेवढी निगा तो राखतो, तेवढी फार थोडे लोक राखतात. कारण तिच्यावाचून त्याचे काम चालतच नाही. मग आपले तरी कसे चालते?

हेलसिंकीतील एक हकिकत

सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो.

या पदकामागची एक हकिकत नेहमी सांगितली जाते. खाशाबांची जपानच्या शोहाची इशी यांच्याशी दीर्घ आणि दमवणारी कुस्ती झाली. ती हरल्यावर लगेचच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्ह यांच्याशी लढायला बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी असा नियम होता. पण तो नियम पुढे करून भांडायला भारताचा कोणी अधिकारी त्या क्षणी तिथे नव्हता. दमलेले खाशाबा पुन्हा उतरले आणि हरले. इशी यांना सुवर्ण, मामेदबेकोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले.

तो अर्धा तास मिळाला असता तर निकाल बदलला असता का, हे कोणीच सांगू शकणार नाही. मात्र त्या अर्ध्या तासात शरीरात काय घडले असते, हे शरीरक्रियाशास्त्र बऱ्यापैकी सांगू शकते. तेच आता पाहू.

शरीरातली निरनिराळी घड्याळे

आपण ‘थकवा’ हा एकच शब्द वापरतो. शरीराच्या दृष्टीने मात्र ती एक गोष्ट नाही. काय खर्च झाले, काय बिघडले यावर थकव्याचे प्रकार पडतात आणि प्रत्येक प्रकार भरून यायला वेगळा वेळ लागतो. जणू शरीरात अनेक घड्याळे एकाच वेळी चालू आहेत आणि प्रत्येकाची गती निराळी आहे.

पहिले घड्याळ सेकंदांचे. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा एटीपी नावाच्या रेणूतील ऊर्जा वापरली जाते. पूर्ण जोर लावला तर स्नायूतला एटीपीचा साठा दोन-तीन सेकंदच पुरेल इतका लहान असतो. त्याला ताबडतोब मदत करते क्रिएटिन फॉस्फेट. पण तेही आठ-दहा सेकंदांत बरेचसे संपते. पट काढण्यासाठी पहिलवान विजेसारखा झेपावतो तो याच साठ्याच्या जोरावर. हा साठा परत भरण्याचा वेग चांगला असतो. सुमारे अर्ध्या मिनिटात निम्मा आणि तीन ते पाच मिनिटांत जवळजवळ सगळा भरून येतो. आजच्या फ्रीस्टाइल कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि मध्ये ३० सेकंदांची विश्रांती असते. या ३० सेकंदांत काय मिळते ते आता लक्षात येईल.

दुसरे घड्याळ मिनिटांचे आणि तासाचे. जोर काही मिनिटे टिकवायचा असेल तर स्नायू ग्लुकोजचे झटपट विघटन करतात. त्यात लॅक्टेट तयार होते, आणि त्याच वेळी स्नायूतली आम्लता वाढते. हातपाय भरून येतात, पकड सैल पडते. रक्तात वाढलेले लॅक्टेट निम्म्यावर यायला साधारण १५ ते २५ मिनिटे लागतात आणि पूर्वपदावर यायला सुमारे एक तास. नुसते पडून राहण्यापेक्षा हळूहळू चालत राहिले तर हे काम लवकर होते. खाशाबांना न मिळालेला अर्धा तास नेमका या घड्याळातला होता.

इथे एका जुन्या समजाची दुरुस्ती करायला हवी. लॅक्टेट म्हणजे शरीरात साठणारा कचरा, आणि व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते त्याच्यामुळे, असे आपल्यापैकी अनेकांनी शिकवलेही असेल. ते बरोबर नाही. लॅक्टेट हे इंधनच आहे. हृदय आणि इतर स्नायू ते वापरतात. दुसऱ्या दिवशी अंग दुखेपर्यंत ते रक्तातून केव्हाच कमी झालेले असते. ते दुखणे असते स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांचे.

तिसरे घड्याळ दिवसाचे. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने पिठूळ पदार्थांचा साठा असतो. स्नायूंत सुमारे ३०० ते ५०० ग्रॅम, यकृतात सुमारे १०० ग्रॅम. जोरदार मेहनतीने तो रिता झाला तर भात, भाकरी, फळे असे पुरेसे अन्न घेऊनही पूर्ण भरायला जवळजवळ एक दिवस लागतो. एकदम दुप्पट जेवल्याने तो दुप्पट वेगाने भरत नाही.

चौथे घड्याळ दोन-तीन दिवसांचे. सूक्ष्म इजा झालेल्या तंतूंची दुरुस्ती होते आणि नवी प्रथिने घातली जातात. भारी व्यायामानंतर एक-दोन दिवस हे काम वाढलेल्या वेगाने चालते. स्नायू बळकट होतो तो या काळात. मेहनत म्हणजे शरीराला दिलेली मागणी आणि विश्रांती म्हणजे त्या मागणीचा पुरवठा. नुसतीच मागणी नोंदवत राहिलो आणि पुरवठ्याला वेळच दिला नाही, तर बळ वाढण्याऐवजी घटते. तालमीत वस्ताद नव्या पोराला रोज पूर्ण जोर करू देत नाहीत, त्यामागे हाच अनुभव आहे.

पाण्याशी खेळ

शरीराची निगा आणि शरीरावर जबरदस्ती यांतला फरक कुस्तीइतका दुसऱ्या कोणत्या खेळात क्वचितच इतका स्पष्ट दिसतो. वजनगट असल्यामुळे अनेक मल्ल स्पर्धेआधी झटपट वजन उतरवतात. एक-दोन दिवसांत उतरणारे वजन म्हणजे बहुतांशी पाणी असते. एक किलो वजन म्हणजे जवळजवळ एक लिटर घाम.

अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस महिन्याभराच्या आसपास काळात महाविद्यालयीन कुस्तीतील तीन तरुण अशा प्रयत्नांत मरण पावले. पाणी तोडून, घाम बाहेर पडू न देणारे कपडे घालून, गरम खोलीत ते व्यायाम करत होते. घाम सुकला नाही तर शरीर थंड होत नाही, आणि रक्तातले पाणी कमी झाले की त्वचेकडे उष्णता वाहून नेणारे रक्तही कमी पडते. त्यानंतर तिथे नियम बदलावे लागले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये विनेश फोगाट यांचे वजन ५० किलोपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरले आणि अंतिम फेरीच्या दिवशी त्या अपात्र ठरल्या. ते उतरवण्यासाठी रात्रभर धडपड झाली होती आणि त्यांना पाणी कमी झाल्यामुळे उपचार घ्यावे लागले, हे आपण सर्वांनी वाचले आहे.

ही टोकाची उदाहरणे झाली. पण वजनाच्या सुमारे दोन टक्के पाणी कमी झाले, तरी दमश्वास आणि कामाची क्षमता कमी होऊ लागते. ६० किलोच्या माणसाला हे म्हणजे सव्वा लिटरच्या आत. उन्हाळ्यातल्या दिवसात पाणी न पिता राहिलेली व्यक्ती या रेषेच्या जवळ जाऊ शकते. अनेक शाळांत शिक्षिका दिवसभर पाणी पिणेच टाळतात, कारण शाळेत वापरण्याजोगे स्वच्छतागृह नसते. पहिलवान पाणी तोडतो ते पदकासाठी. या बाई कशासाठी तोडतात?

रात्रीचे घड्याळ

सगळ्या दुरुस्तीचे मोठे काम झोपेत होते. गाढ झोपेच्या सुरुवातीच्या तासांत वाढीचे संप्रेरक मोठ्या प्रमाणात स्रवते. दिवसभर जागे राहताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचा पदार्थ वाढत जातो आणि त्यामुळे झोपेची ओढ निर्माण होते. झोपेत तो पुन्हा कमी होतो. चहा-कॉफीतले कॅफिन ॲडेनोसिनची जागा अडवते. त्यामुळे झोपेची गरज भागत नाही, ती जाणवेनाशी होते एवढेच. कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातले निम्मे कॅफिन रात्री अकरालाही अंगात असते.

कमी झोपेची सवय होते असे आपण म्हणतो. २००३ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी हे तपासले. निरोगी प्रौढांना दोन आठवडे रोज सहा तासच झोपू दिले. त्यांची सावधानता दिवसेंदिवस घसरत गेली आणि अखेरीस एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसांइतकी खालावली. गमतीचा, किंवा खरे तर काळजीचा भाग असा, की आपण किती झोपाळलो आहोत याचा त्यांचा स्वतःचा अंदाज मात्र फारसा बदलत नव्हता. ‘मला सवय आहे’ हे वाक्य झोप कमी झालेला मेंदूच बोलत असतो. त्यावर किती विश्वास ठेवायचा?

प्रौढांना सात तास किंवा थोडी अधिक झोप लागते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास. पहिल्या तासाला डुलक्या घेणारे मूल आळशी आहे असे ठरवण्यापूर्वी ते किती वाजता झोपते हे विचारून पाहावे.

शिक्षकाचा आखाडा

आता आपल्या कामाकडे वळू. शिक्षकाचा सर्वांत जास्त राबणारा अवयव कोणता? घशातल्या स्वरतंतूंची जोडी. बोलताना स्त्रियांचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे २०० वेळा आणि पुरुषांचे सुमारे १०० ते १२५ वेळा एकमेकांवर आदळतात. एका तासिकेत बाई एकूण दहा मिनिटे जरी आवाज काढत असतील, असे धरले, तरी ६०० सेकंद गुणिले २००, म्हणजे १ लाख २० हजार वेळा. पाच तासिकांत ६ लाख. मोठ्या आवाजात हे आदळणे अधिक जोराचे होते.

स्वरतंतू स्नायू आणि नाजूक आवरण यांचे बनलेले असतात. त्यांनाही दुरुस्तीचा वेळ लागतो. सलग चार तासिका घेतल्यावर आवाज बसतो, आपण खाकरतो, खाकरण्याने ते आणखी जोराने घासतात. कुजबुजण्याने घशाला आराम मिळतो असे वाटते, पण अनेकांच्या बाबतीत त्यानेही ताण पडतो. खरा आराम म्हणजे थोडा वेळ न बोलणे. घोट-घोट पाणी, फळ्याकडे तोंड करून न बोलणे, वर्ग गप्प करण्यासाठी ओरडण्याऐवजी टाळी किंवा हात वर करण्याची खूण ठरवणे, हे साधे उपाय आहेत. आवाज तीन-चार आठवडे बसलेलाच राहिला तर काढा घेत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

मनाच्या थकव्यालाही असेच आहे. तासिका संपते, पण भांडण सोडवण्याचा त्रास, कोणा मुलाच्या घरची चिंता, वर पाठवायची माहिती हे डोक्यात चालूच राहते. हृदयाची वाढलेली गती आणि ताणाची संप्रेरके खाली यायला मधली जागा लागते. ती दहा मिनिटांची असली तरी चालते, पण त्या दहा मिनिटांत मोबाईलवरचे शाळेचे निरोप वाचले तर ती जागा राहत नाही. मराठीत ‘काळजी’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, चिंता आणि जपणूक. शिक्षक पहिल्या अर्थाने काळजी पुष्कळ करतो. दुसऱ्या अर्थाने स्वतःची करायची राहून जाते.

वर्गात करून पाहा

पाचवीपासून पुढच्या कोणत्याही वर्गात दोन सोपे प्रयोग करता येतील. आजारी किंवा दम लागणाऱ्या मुलांना नोंदी ठेवण्याचे काम द्यावे.

पहिला प्रयोग. कपडे वाळत घालण्याचा चिमटा घ्या. अंगठा आणि एका बोटाने एका मिनिटात तो किती वेळा पूर्ण उघडता येतो ते मोजा. दहा सेकंद थांबून पुन्हा एक मिनिट मोजा. मग पाच मिनिटे हात मोकळा ठेवून तिसऱ्यांदा मोजा. तिन्ही आकडे फळ्यावर लिहा. दहा सेकंदांची आणि पाच मिनिटांची विश्रांती यांत काय फरक दिसतो, ते मुलांनाच सांगू द्या.

दुसरा प्रयोग. शांत बसून एक मिनिट नाडी मोजा. मग एक मिनिट जागच्या जागी धावा आणि दर मिनिटाला अर्धे मिनिट नाडी मोजून दुपटीने लिहा. नाडी पूर्वीच्या आकड्याजवळ येईपर्यंत मोजत राहा. आलेख काढा. प्रत्येकाचा आलेख वेगळा येईल. त्यातून ‘कोण चांगला, कोण वाईट’ असे ठरवू नका. दमणे सर्वांना सारखे दिसले तरी सावरण्याचा वेळ वेगवेगळा असतो, एवढे मुलांना कळले तरी पुरे. शिक्षकांनीही आपला आलेख काढावा. एक आलेख सकाळी आणि एक शेवटच्या तासिकेनंतर.

नियम सांगायला कोण उभे राहणार?

एवढे सगळे वाचून एखाद्या शिक्षिका म्हणतील, ‘खरे आहे सगळे. पण घरी गेल्यावर दुसरी पाळी सुरू होते, त्याचे काय?’ हा प्रश्न रास्त आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात दिसले, की घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात आणि पुरुषांची ९७ मिनिटे. झोपेचे दोन तास त्या २९९ मिनिटांतूनच कापले जात असतील, तर ‘लवकर झोपा’ हा सल्ला कोरडा ठरतो. काम वाटून घेतल्यावाचून विश्रांती निर्माण होत नाही.

म्हणून शेवटी पुन्हा हेलसिंकीकडे जावेसे वाटते. खाशाबांकडे ताकद होती, कसब होते, जिद्द तर होतीच. विश्रांतीचा नियमही होता. नव्हता फक्त तो नियम मोठ्याने सांगणारा माणूस. दमलेल्या माणसाला स्वतःसाठी भांडायला बळ नसते. त्याच्या बाजूने कोणीतरी उभे राहावे लागते. तालमीत ते काम वस्ताद करतात.

शाळेत ते कोण करील? वेळापत्रक तयार करणारे मुख्याध्यापक करू शकतील. एकाच व्यक्तीला सलग चार तासिका येणार नाहीत, एवढे त्यांनी पाहिले तरी कितीतरी गळे वाचतील. सहकारी करू शकतील. आवाज बसलेल्या बाईंचा वर्ग एक तास आपल्या वर्गाला जोडून घेता येतो. शाळा व्यवस्थापन समितीत स्वच्छतागृहाचा विषय आपण मांडू शकतो, कारण तो पाण्याचा, म्हणजे आरोग्याचाच विषय आहे. घरी जोडीदार आणि मोठी मुले करू शकतील.

आणि स्वतःपुरते म्हणायचे तर शरीरातली घड्याळे आठवावीत. दोन तासिकांमधली पाच मिनिटे, दुपारचा बसून खाल्लेला डबा, रात्रीचे सात तास, आठवड्यातला एक मोकळा दिवस. यांतले एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. उन्हाळ्याच्या सुटीत पुष्कळ झोपून जूनपासूनची उधारी फेडता येत नाही.

येत्या १५ जानेवारीला शाळेत खाशाबांची गोष्ट सांगाल तेव्हा पदकाबरोबर तो न मिळालेला अर्धा तासही सांगा. चिमट्याचा प्रयोग त्या दिवशी करायला हरकत नाही. आणि प्रयोग चालू असेल ती पाच मिनिटे आपणही खुर्चीवर शांत बसा. मुले मोजत असतीलच.